झोळीतला हात

...आन् वर डाक्टर मलाच वरडत्यात, 'आजोबा, इतके दिवस हात बांधून ठेवायला तुम्हाला सांगितलं कुणी?' आता तुमीच सांगा मंडळी, माझं काय चुकलं?

तुमाला सांगतो, त्याचं असं झालं... ही लढाई सुरू झाली, माझा ल्योक लालासाहेब पल्टनीत गेला, सून बाळंतपनाला लोणंदला म्हायारी गेली, आन् माझी म्हातारी साळूबाई तर त्याच्या आदीच... जाऊ द्या. म्हंजे आष्ट्यात एवढ्या घरात मी एकटा, आन् एक म्हस, ती बी आटलेली! अशात एक दिस शाळंचं गंगाधर मास्तर दारात हुबं. 'नाथाजीराव, उद्या बॉम्ब पडले तर जखमींना कसं सांभाळायचं, त्याचा वर्ग काढलाय. आम्हाला एक म्हातारा हवा.' आवं, आष्ट्यावर बॉम्ब टाकून त्या जपान्याला काय गावनार, गूळ? पर 'हवा' म्हनलं हो मला! किती वर्सांनी कुनी तरी 'हवा' म्हनलं! फेटा गुंडाळत गुंडाळतच निघालो.

तिथं जाऊन बगतो तर काय, सतरंजीवर वळीनं तिघं. अंबूबाईचं तान्हं पोर, तालमीतला कोंडीबा, आन् शेवटाला मी. आन् छडी घिऊन सांगलीचं विष्णुपंत डाक्टर. छडी पयली पोराकडं. 'लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड, म्हणून पडलं की डोक्यावर पडतं. नाडी भराभर, श्वास भराभर. हाड ओल्या फांदीसारखं, आधी वाकतं.' शिकाया आलेली समदी म्हंत्यात, 'अगं बाई, किती गोड!' मग छडी कोंडीबाकडं. 'तरुण शरीर. रक्त गेलं तरी बराच वेळ तग धरतं.' कोंडीबानं छाती अशी फुगिवली, की पोर रडाया लागलं. मग छडी आली माझ्याकडं. 'आता हे.' हे! मी म्हंजे हे! 'हाड वाळक्या काटकीसारखं, नुसतं घसरलं तरी कट्! कातडी कागदासारखी, पट्टी ओढली तर फाटते. तहान लागलेली कळत नाही, आजार असला तरी ताप चढेलच असं नाही...' आवं, बाजारात बैलाचं दात बगत्यात, ते बी बैलाच्या म्होरं एवढं बोलत न्हाईत! सत्तर वर्सं मी हे अंग वापरतोय, कवा कुनाला कुरकुर केली? उठून चाललोच हुतो, तेवढ्यात डाक्टर म्हनलं, 'आणि मुख्य म्हणजे, म्हातारी माणसं दुखलं तरी सांगत नाहीत. म्हणून विचारा. दोनदा विचारा.'

बसलो की गुमान परत.

मग मुलींच्या शाळंतली अंजनाबाई मास्तरीन माझ्या उशाला बसली, खांद्यावर हात ठिवला आन् म्हनली, 'आजोबा, कुठं दुखतंय?' मला शिकवून ठिवलं हुतं, 'उजवा हात' म्हनायचं. आता दोन शब्द, त्यात काय अवघड? पर मी आपला तिच्या तोंडाकडंच बगत बसलो! साळू गेल्यापास्नं हे कुनी इच्यारलंच न्हवतं वो. ती वाटच बगत हुती, मग परत इच्यारलं, 'सांगा ना, कुठं दुखतंय?' मी कसंबसं म्हनलो, 'उजवा... हात,' तर डोळ्यातनं पानी! डाक्टर खूश! 'वा वा, काय नाटक करतात!' नाटक! आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

तवापास्नं वर्गाच्या दिवशी आंघोळ करायची, दाढी करायची, धुतलेलं धोतार नेसायचं आन् जखमी व्हायाला निघायचं! मास्तर मला बांधायचं, अंजनाबाई बांधायची, कोंडीबा तर उसाची मोळी बांधल्यागत आवळायचा, 'आजोबा, लागतंय का?' म्हनायचा, मी म्हनायचो, 'न्हाई रं गड्या, बांध बांध!'

आन् एक दिस वर्गच संपला. पेढं वाटलं, फोटू काढला, समदी पास झाली, समदी घरला गेली. अंजनाबाईची साताऱ्याला बदली. म्हाताऱ्याचं काय काम आता? तिनं शेवटाला बांधलेली झोळी तशीच गळ्यात, मी आपला घराकडं चाललोय, तर शेजारची हरणाबाई वाटंत आडवी, 'अगं बया, नाथाजी भावजी, हाताला काय झालं?' आता तिला काय वर्ग सांगत बसू? म्हनलं, 'लागलंय जरा.' झालं! सांजच्याला भाकरी आन् पिठलं घिऊन हजर. दुसऱ्या दिवशी समदी गल्ली कट्ट्यावर! कोन म्हंतं हळद लावा, कोन म्हंतं शेका, कोन म्हंतं, 'आवं, एकटं का ऱ्हाता, सुनंला बोलवा की!' ज्यांनी रामराम बी सोडला हुता, ती मानसं येऊन टेकाया लागली! मग सोडू का मी झोळी? तुमी सोडली असती?

महिना गेला, झोळीचा पार पोतेरा झाला, तवा एक दिस धुवायला म्हनून काढली. हात वर करतोय, तर हात येतोय कुठं? छातीपतुर आला आन् आडला! असली कळ, की ब्रह्मांड आठवलं! मोटार धरून सांगली गाठली. डाक्टर खेकसलं, 'तुमच्या वयात सांधा बांधून ठेवला की आखडतो! काही झालेलंच नव्हतं हाताला, हे काय करून घेतलंत?' मग जरा निवलं, म्हनलं, 'घरातल्या कुणाला तरी सांगा, रोज हात धरून हळूहळू वर न्यायला.' म्हनलं, 'घरात कुनी न्हाई, डाक्टर.' मग ते खाली बघूनच म्हनलं, 'मग भिंतीसमोर उभं राहायचं, आणि बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची.'

घरला आलो. गळ्यात झोळी न्हाई. हरणाबाई दारातनंच वरडली, 'बरं झालं बाई, हात सुटला एकदाचा!' आन् भाकरी बंद. कट्टा मोकळा. आवं, दुखत न्हवतं तवा समदी गल्ली इच्यारीत हुती, आन् आता रातभर ठणकतोय, तर समदी म्हंत्यात, 'बरं वाटतंय न्हवं आता?' त्यांना सांगू कसं, की दुखायला आत्ता लागलंय? माझं काय चुकलं, सांगा की!

आता रोज सकाळी भिंतीला तोंड करून हुबा ऱ्हातो आन् बोटं वर चालिवतो. दुखलं की म्हंतो, 'थांब, हितं दुखतंय बग.' येनारी-जानारी हसत्यात, 'म्हातारा भिंतीशी बोलाया लागला!' बोलतो की! आवं, ती एकदा बी म्हनत न्हाई, 'येतो आजोबा, जरा घाई हाय.'