दत्तूमामांचा न भागणारा आकडा

मायबापहो, आणि मामी,

मामांचं दिवसकार्य काल झालं. मामा गेल्यापासून आज पहाटे आमची होडी पहिल्यांदा पाण्यात गेली. परत आल्यावर मी ओल्या पोत्यावर मासे मोजत होतो. हे काम दत्तूमामांचं. सगळे माझ्याकडं पाहत होते आणि माझी मोजणी चुकत होती. आता बोलतानाही चुकेल. सांभाळून घ्या.

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर आमचं एक जाळं, माणसं सहा. सहा सारखे वाटे पडायचे. त्यातून उरेल ते, ज्या घरातून कोणी पाण्यावर जात नाही, त्या घरी. माझे वडील गेले, तेव्हा ते घर आमचं होतं. सकाळी दाराच्या कडीला पिशवी असायची. मामांनी कधी दार वाजवलं नाही.

मी नववीत शाळा सोडली, पण आकड्यांचा नाद सुटला नाही. एकदा काठावर जाळं सोडवताना मी मामांना मोबाइलवर पाहिलेला एक आकडा सांगितला. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.

"एवढे मासे धरणात तरी हायेत का रं?"

"मामा, ह्याला भागच जात न्हाई. दोघांत वाटा, सहा जणांत वाटा, शंभरांत वाटा. बाकी उरतीच."

मामांचा हात थांबला. "अन् शेवटचा आकडा पुसला तर?"

"तरी तसंच. अजून एक पुसा, तरी तसंच."

मी वाळूवर लिहून दाखवलं. मामा मागून एकेक आकडा बोटानं पुसत गेले. तीन. तीन. एक. नऊ. तीन. नऊ. तीन. सात राहिला.

"आमी सहा, मासे सात. एक उरला, बराबर. अन् सात जण असले तर?"

"मग न्हाई उरत."

"काहून न्हाई? तवा मी माझा देईन. तुझ्या आकड्याला एवढं बी कळंना व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो.

त्या आकड्याच्या शेवटी आणखी कोणताही आकडा लावा, तो भागला जातो. तो वाढत नाही. पण त्याचं काढून घेतलं, तरी तो मोडत नाही. आजारपणात मामांचं तसंच झालं. आधी होडी सुटली. मग चालणं सुटलं. मग बोलणं. त्यांचा वाटा आम्ही घरी नेऊन द्यायचो. मला पाहिलं की ते नुसत्या डोळ्यांनी विचारायचे, उरलं का? कोणाच्या दारात गेलं? मी नाव सांगितलं की मगच डोळे मिटायचे.

आज आम्ही पाच जण. मासे पस्तीस. प्रत्येकी सात.

काहीच उरलं नाही.

मी पुन्हा मोजले. पस्तीसच. आणि ज्या घरातून आता कोणी पाण्यावर जात नाही, ते घर मामांचं.

आमच्या जाळ्यावरचा रामा म्हणाला, "आज जाऊ दे. उद्या बघू."

मी माझ्या वाट्यातला एक उचलून बाजूला ठेवला. रामा माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानंही एक ठेवला. मग बाकीच्यांनी.

मामी, पिशवी दाराच्या कडीला आहे.

आता आपण सगळे उभे राहू. थोडा वेळ गप्प राहू.

मामा, उरलं.