लाल टिपका

लिहा बाई, मी वडश्याचाच. बाप नाटकाच्या मंडपात भोंगे बांधे, त्याच्यामागं वायरा ओढत ओढतच मोठा झालो, आवाज कुठी फाटते ते मले कानानंच समजते, मशीन लागत नाई. गाडीत स्पीकर-ॲम्प बसवाचं दुकान टाकलं तवा लहान भावाले, सुरेशले, म्याच हाताशी घेऊन शिकवलं. आता त्याचं दुकान मायासमोर, रस्त्याच्या पलीकडं. काय सांगू तुमाले.

मायी रीत अशी का स्पीकर किती सोसते ते आधी पाह्याचं, मंग त्याले जमन असा ॲम्प, म्हंजे आवाज वाढवाचा डबा, घ्याचा, गानं लावून ॲम्पचा स्क्रू फिरवत जाचं, आवाज फाटला का जरासा मांगं घ्याचा, अन् तिथी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल टिपका लावाचा. टिपका म्हंजे माया शब्द, का इथवर आवाज फाटनार नाई.

एका राइस मिलवाल्याच्या बोलेरोत स्पीकर म्या बसवले, काचेवर माया नावाचा स्टिकर लावला. ॲम्प त्यानं सोताच भलता आनला. डब्यावर मोठ्या अक्षरात हजार वॅट, खाली बारीक अक्षरात चाळीस. म्या म्हन्लं, भाऊ, बारीक अक्षर खरं, हा कमी पडते, तुमी आवाज पुरा वाढवसान तं फाटन, अन् फाटका आवाज स्पीकर जाळते. तो हासला, लहान ॲम्पनं कुठी स्पीकर जळते का बे? गेला समोर. सुरेशनं बसवून देल्ला, स्क्रू पार शेवटवर.

आठ दिसात स्पीकर जळले. आला तो मायाच दुकानात, सारा चौक जमा, काचेवर नाव कोनाचं आहे, वाच म्हने. म्या ॲम्पचा स्क्रू दाखवला, माया टिपका कुठी आहे, सांगा? अन् समोरून सुरेश तमाखू-सुपारीचा खर्रा घोटत घोटत म्हन्ते, जाऊ द्या हो, दादाचे कान गेले आता. माये कान! ज्यानं त्याले ऐकाले शिकवलं त्याचे कान!

म्या ब्लेड घेतलं अन् साऱ्याइच्या समोर स्टिकर खरवडून काढला.

मंग सुरेशनं काय केलं, मालूम आहे? नेलपॉलिश आनली. आता त्याच्या हरेक ॲम्पवर लाल टिपका, गानं न लावता, कुठी बी. गिऱ्हाईक टिपका पाह्यते अन् खुश होऊन जाते. म्या टिपका लावनंच बंद केलं.

देव त्याले बरकत देवो, बाई, पन मेलो तं मले खांदा द्याले त्यानं येऊ नये, हे बी लिहा. समोरून दिवसभर फाटका आवाज येऊन राह्यते. साऱ्या वडश्यात एकट्या मलेच तो ऐकू येते.