बिनमिठाची पंगत

ऐका. पण आधी सरकून बसा, मला आता मोठ्यानं बोलवत नाही. मधूनमधून हुं म्हणत जा, म्हणजे जागे आहात ते कळेल. प्रल्हाद, तूही ये असा पुढं. खांबाला टेकून बसू नकोस.

तर लोटन निघाला तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेली होती. पायात वहाण नाही, हातात बॅटरी नाही. दार लोटलं आणि निघाला, केळीच्या बागांमधून नदीकडं जाणाऱ्या जुन्या वाटेनं. कुठं निघाला? तर जेवायला.

आता हा लोटन कोण, ते सांगतो. आपल्याच गावचा आचारी. भंडारा असो, लग्न असो, वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी करावी ती त्यानंच. पाचशे पान असू दे, हजार असू दे. बरं, भंडाऱ्याचं अन्न देवाला दाखवल्याशिवाय चाखत नाहीत. मग मिठाचा अंदाज घ्यायचा कसा? तो अंदाज त्याच्या बायकोच्या, सुपडाबाईच्या ओंजळीत होता. लोटन भाजी घोटायचा, ती बाजूला उभी राहून वाफ हुंगायची आणि ओंजळीनं मीठ सोडायची. तीस वर्षांत एक भाजी अळणी नाही, एक खारट नाही. लोटननं स्वतः कधी मीठ टाकलंच नाही.

ती गेली. तीन दिवसांच्या तापात गेली. लोटन रडला नाही. तेराव्याला पानावर बसला, घास तोंडात घातले, गिळले. तेव्हापासून त्याला चवच लागेना. तिखट नाही, गोड नाही. त्याची थोरली बहीण मथुराबाई सोबतीला येऊन राहिली. ती ताट करायची, हा दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, जेवलो. वाईट वाटतं का, असं विचारलं तर म्हणायचा, काय माहीत. भंडाऱ्याची बोलावणी आली, त्यानं परत पाठवली. कढया पालथ्या पडल्या. अंगावरचा सदरा सैल होत गेला.

मग स्वप्नं पडायला लागली.

पहिल्या रात्री काय, तर तो तालुक्याच्या बाजारात फिरतोय. भर दुपार. भूक लागलेली. या हॉटेलात जातो, त्या खानावळीत जातो. सगळीकडं माणसं जेवतायत आणि कुठंच आवाज नाही. भांड्याचा नाही, बोलण्याचा नाही. त्याला पाहिलं की मालक मान हलवतो. जागा नाही. असा रात्रभर हिंडला. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री एका बोळाच्या टोकाला एक खानावळ दिसली. दारात एक माणूस उभा, खांद्यावर पंचा. म्हणाला, "लोटनभाऊ, पुढच्या पंगतीला."

लोटन भिंतीला टेकून बसला. आचारी माणूस, जन्मभर सगळ्यांच्या शेवटी जेवलेला. वाट बघायची त्याला सवयच होती.

रोज रात्री तो थोडा आत जायचा. आधी ओटा, मग उंबरा, मग चौक. आणि सकाळी उठला की पाय चिखलानं भरलेले. केळीच्या बागेतला काळा चिखल, ऐका! मथुराबाईनं पाहिलं. तिनं विचारलं, पाय कुठं भरवलेस? तर हा म्हणतो कसा, जेवायला गेलो होतो.

"मग जेवलास?"

"नाही. अजून पान मिळालं नाही."

मथुराबाईच्या हातातली परात तशीच राहिली. तिला नदीकडच्या वाटेचं ठाऊक होतं. तिच्या सासूनं सांगितलेलं. फार मागं एका दुष्काळात त्या वाटेवर माणसं अन्न शोधत येऊन पडली होती. त्यांना कोणी घास दिला नाही, मागाहून कोणी पान वाढलं नाही. तीच तिथं पंगत मांडतात. तिनं लोटनला समोर बसवलं आणि म्हणाली, "बाबा, तिथं ज्यानं घास घेतला तो परत येत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो तिथं वाढायला उभा राहतो."

लोटन म्हणाला, बरं. एवढंच.

त्या रात्री तिनं आपली खाट दाराला आडवी टाकली. आणि त्याच रात्री लोटनला झोप लागली नाही. टक्क जागा होता. आणि जागेपणी त्याला वास आला. तुपात सोडलेल्या बट्टीचा, घोटलेल्या वांग्याचा. त्यानं बहिणीची खाट हळूच ओलांडली, कडी काढली, आणि निघाला. तो हा असा निघाला.

वाटेवर आधी उजेड दिसला. चुलीचा असतो ना, तसा. जवळ जावं तर तो मागं सरकायचा. मग पुढं पंचावाला चालताना दिसला. वळून बघत नव्हता. आणि मग केळीच्या दोन रांगांमध्ये, लांबच्या लांब, पंगत बसलेली. ओळखीचं कोणी नाही. पंचावाला म्हणाला, आज तुमचंच पान राहिलंय, बसा.

लोटननं पानाकडं पाहिलं. केळीचं पान मांडताना शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवतात. इथं सगळे शेंडे उजवीकडं. असं पान गेलेल्या माणसासाठी मांडतात, हे आचाऱ्याला कोणी सांगायला लागत नाही. त्याला दिसलं. कळलंही. पण भीती वाटेना. काहीच वाटेना. तो मांडी घालून बसला.

बट्टी आली. वरण आलं. तूप आलं, वाफ मात्र नाही. मग भाजी वाढायला एक हात खाली आला. मनगटात हिरव्या बांगड्या, पण वाजत नव्हत्या. सुपडाबाई. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

लोटननं घास केला. उचलला. ओठापाशी नेला. आणि सवयीनं त्याची नजर पानाच्या वरच्या कडेला गेली. तिथं काही नव्हतं. पंगतीत सगळ्यात आधी काय वाढतात? तीस वर्षं पोरांना हाका मारून मारून जे सांगितलं, तेच त्याच्या तोंडून आलं.

"मीठ राहिलं."

सगळी पंगत थांबली. शंभर हात जिथल्या तिथं. पंचावाला म्हणाला, "इथं कोणाला लागत नाही."

लोटननं घास ओठापासून खाली घेतला. मग म्हणाला, "मला लागतं."

तेव्हा सुपडाबाईनं मान वर केली. "मग उठा," ती म्हणाली. "माझं पान उलट्या शेंड्यानं मांडायचं. तुमचं अजून नाही." आणि तिनं ओंजळ पुढं केली. रिकामी होती.

त्याच्या हातातला घास गळला. राख होती ती. पंगत उठली, सगळी एकदम. लोटन पळाला. मागं पावलं वाजत नव्हती, नुसती पानं सळसळत होती, जवळ, अजून जवळ. कोणीतरी बाही धरली. त्यानं हिसका दिला, बाही तिथंच राहिली. मागं वळून पाहिलं नाही. वळला असता तर मी ही गोष्ट सांगत नसतो.

घरी आला, बरणी उघडली आणि चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. मीठ खारट लागलं. तो तिथंच खाली बसला. बरणी मांडीत घेऊन उजाडेपर्यंत रडला. मग म्हणाला, "आक्का, भूक लागली."

चैत्रातल्या भंडाऱ्याला त्यानं कढई चढवली. मीठ स्वतःच्या ओंजळीनं टाकलं. भाजी अशी खारट झाली, अशी झाली की काय सांगू. लोक मुकाट जेवत होते. फक्त एक म्हातारा म्हणाला, लोटन, भाजी वाढतोस तर नदी पण आणून ठेव जवळ. आणि त्यानं दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

ती वाट अजून आहे. बागा आहेत, चिखल आहे. दिवेलागण झाल्यावर तिकडं जाऊ नका. वास घरच्या जेवणाचा येईल, वाढणारा हात आपल्याच माणसाचा असेल. म्हणूनच सांगतो, जाऊ नका. हुं म्हणा.

प्रल्हाद, तू हुं म्हटलं नाहीस. मघापासून बघतोय मी. महिना झाला, तुझ्या घरी चूल पेटलेली दिसत नाही.

ऊठ. काठी दे माझी. आमच्याकडं भाकरी आहे, ठेचा आहे. मीठ तुझ्या पुढ्यात ठेवतो. लागेल तेवढं तू घे.