सहा जणांची औली

…आणि बुटाचा नंबर! नाही, मला तुम्हीच सांगा, साठीला टेकलेल्या माणसाला स्वतःच्या पायाचा नंबर माहीत नसावा? आमचे शेजारी गोकुळदास, पार्शे गावात काजूची बाग, जन्म सगळा चपलेत गेला. मी म्हटलं, भावजी, बर्फावर घसरायचे बूट तिकडे भाड्याने मिळतात, पण नंबर आधी कळवायचा आहे, तर म्हणतात, "नंबर बिंबर ठाऊक नाही, वैनी. पाय मोठा आहे. तुम्ही आहात मगे, बघा काय तें!" काय बघू मी? दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस कॅलेंडरचं ऑगस्टचं पान घेऊन दारात! त्याच्यावर पेन्सिलीने पाय काढलेला. एकच. डावा. म्हटलं, आणि उजवा? तर म्हणे, "तो असाच. पण उलटा."

थांबा, मी मधूनच सुरू झाले. मी विमला. गेल्या जूनमध्ये शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, हिमालय तर फळ्यावर डोळे मिटून काढीन, आणि शेवटच्या वर्षी सातवीतली एक पोरगी उठून विचारते, "टीचर, बर्फावर पाय रुततो की सरकतो?" आणि तुम्हाला सांगते, मला उत्तर आलं नाही! बत्तीस वर्षं पगार घेतला आणि बर्फ पाहिलेला कुठला, तर मासळीबाजारातला, बांगड्यांवर घातलेला! निरोप समारंभाला शाल-नारळ मांडीवर घेऊन बसले होते आणि डोक्यात तेच… रुततो की सरकतो? ठरवलं, जायचं. नुसतं बघायला नाही, घसरायला! औलीला जानेवारीत सात दिवसांचा कोर्स असतो म्हणून कळलं, फोन लावला, तिकडे कोर्स घेणारा कोणी नेगी म्हणाला, "मॅडमजी, छह लोग ले आइए, तभी ग्रुप बनेगा."

सहा म्हणजे काय मोठं, असं वाटलं हो मला!

आमच्या ह्यांना विचारलं. हे म्हणजे नारायण, मुरगाव बंदरात नोकरी केली, निवृत्तीनंतर पेपर वाचतात. पेपर खाली न करता म्हणाले, "येतो. पण मला काही विचारू नको. तू आहेस मगे!" मग यांची थोरली बहीण, शांताताई, सर्वणला असते. ती म्हणाली, "येईन गो, पण मी पँट घालायची नाही." अहो ताई, बर्फात साडी नेसून घसरणार? "दोन परकर घालीन. काय तें तू बघ, तू आहेस मगे!" मग गोकुळदास आणि त्यांची बायको शीतल. आणि सहावे आमच्या शाळेचे पीटीचे दत्तप्रसाद सर. झाले सहा! मला वाटलं, आता बॅगा भरायच्या… कसल्या बॅगा! तारखा कोण ठरवणार? सरांचं जत्रेचं नाटक, त्यात ते कंस, त्याच्या आधी हलणार नाहीत. गोकुळदासांना काजू लागायच्या आत परत यायचं. शांताताईंना अमावास्येला विमानात बसायचं नाही. विमानात जनेलाकडची, खिडकीची जागा ताईंनाही हवी आणि शीतललाही हवी, आणि शीतलला शेजारी नवराही हवा. बरं, म्हटलं, तूच काढ तिकिटं, तर म्हणते, "वैनी, तुम्ही रागावलात? आम्हाला कुठे कळतं त्यातलं… तुम्ही आहात मगे!"

आणि सराव! सर म्हणाले, पायात बळ पाहिजे, रोज सकाळी शाळेच्या मैदानावर या. आलो. पाच म्हातारे, हातात बांबूच्या काठ्या, गुडघे वाकवून उभे. सर ओरडतात, "वजन पुढे! नजर समोर! उतार आला असं समजा!" शांताताईंनी उतार आला असं समजलं आणि त्या खालीच बसल्या. उठवायला चौघं लागलो. पाव घेऊन आलेला पोदेर सायकल थांबवून बघतोय, म्हणतो, "टीचर, कसलो देव बसलो?" आणि ताई खालूनच ओरडते, "अगो विमले, उभी काय राहिलीस, मला धर, तू आहेस मगे!"

हसताय? हसा. मला झोप नव्हती तुम्हाला सांगते, दुपारी पाठ टेकली की फोन. बर्फात कानाला काय बांधायचं? तिथे उकडे तांदूळ मिळतात? पडलो तर उचलायला कोण? आणि हे समोर बसून, "घे फोन, तुझाच असेल."

मग नेगीने डॉक्टरचा दाखला मागितला. उंचावर जायचं, वय झालेलं, फिटनेस पाहिजे. पेडण्याला डॉक्टर सायली, माझीच विद्यार्थिनी. सगळ्यांना घेऊन गेले. शांताताई फिट! गोकुळदास, जेवणाआधी रोज फेणी घेणारा माणूस, एकशेवीस-ऐंशी! शेवटी मी हात पुढे केला. सायलीने पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत बांधला. मग हळूच म्हणते, "टीचर… एकशेऐंशी-एकशेदहा. कसला ताण घेतलात एवढा?"

कसला सांगू?

तीनदा तपासलं तिने. गोळी दिली, म्हणाली, "दहा हजार फुटांवर मी तुम्हाला पाठवू शकत नाही." मी बाहेर बाकावर येऊन बसले. ह्यांनी रुमाल पुढे केला. तेव्हा मात्र मला आवरलं नाही हो. भर दवाखान्यात, मुख्याध्यापिका मी… हुंदके देऊन रडले. म्हटलं, तुम्ही पाच जण जा, मी नेगीशी बोलते. तर गोकुळदास एकदम म्हणाले, "तुम्ही नाहीत तर आम्ही नाही, वैनी." सगळेच माना हलवायला लागले. मी परत रुमाल डोळ्यांना लावला. इतकी माया! चांगली चार मिनिटं लावून बसले होते, मग शीतल म्हणाली, "खरंच वैनी, दिल्लीला विमान बदलताना आम्ही कोणाला विचारणार होतो?"

औली रद्द. सायलीने निघताना बजावलं होतं, आठवडाभर कुठेतरी थंड, शांत ठिकाणी राहा, पण फार उंच नको, आणि डोक्याला काही काम नको. घरी येऊन ह्यांना म्हटलं, आपण दोघंच आंबोलीला जाऊ. जवळ आहे, थंडी आहे. कोणाला सांगू नका. तर जेवायच्या आत शांताताईंचा फोन, मीही येते! मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हणतात, "तिने मघाशी विचारलं, रविवारी घरी आहात का. बहिणीशी खोटं बोलू?"

संध्याकाळपर्यंत गोकुळदासांना कळलं, त्यांच्या मेव्हण्यांना कळलं, सरांच्या नाटकातल्या देवकीला आणि वसुदेवालाही कळलं. सतरा सीटर गाडी सांगितली आहे. पंधरा झालो. दोन जागा रिकाम्या आहेत… तुमच्यातलं कोणी येतंय?