सव्वाअकराचा निरोप

(वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली. टेबलावर दोन स्क्रीन, एक खुर्ची, एक स्टूल. सकाळचे पावणेबारा. थोरली बहीण ड्रायव्हिंग स्कूलचा बिल्ला गळ्यात तसाच ठेवून आली आहे.)

ताई: उडवाउडवी नको. रोज सव्वाअकराला बाबांच्या फोनवर 'येऊ का?' असं लिहितोस की नाही, तेवढं सांग.

धाकटा: तू आत्ता शिकवायला असतेस ना?

ताई: होते. तो फोन पर्समध्ये वाजला आणि शिकणाऱ्या बाईंना म्हटलं, गाडी कडेला घ्या. त्यांना तिथंच सोडून आलेय. बाई बिचाऱ्या अजून हँडब्रेक ओढून बसल्या असतील.

धाकटा: एवढं काय झालं?

ताई: एवढं काय झालं म्हणे! बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. वर तुझं नाव, खाली 'येऊ का?'. पहिल्या दिवशी वाटलं, आठवण आली असेल. मग रोजच. बरं, शनिवार-रविवार काही नाही. म्हटलं, दुःखाला पण साप्ताहिक सुट्टी असते की काय? आज मात्र राहवलं नाही. गेलेल्या माणसाला 'येऊ का' विचारणारा कुठं निघालेला असतो, ते न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

धाकटा: अगं... नाही गं. तसं काही नाही.

ताई: माझ्याकडे बघून सांग.

धाकटा: तसं नाही ताई. ते मी लिहीतच नाही. प्रोग्रॅम लिहितो.

ताई: कुठला प्रोग्रॅम?

धाकटा: हा. शेअर घेतो, विकतो. मी लिहिला, नियम मी आणि बाबांनी बसवले. निरोप माझ्या नंबरावरून जातो, म्हणून नाव माझं दिसतं.

ताई: बाबांनी? बाबांनी आयुष्यभर शाळेच्या मैदानावर पोरांना पळवलं. त्यांना शेअरमधलं काय कळत होतं?

धाकटा: माझ्यापेक्षा जास्त. शेअर किती वर गेला ते बघू नकोस, म्हणायचे, किती जोरात चाललाय ते बघ. त्याचा एक आकडा असतो. गेल्या चौदा दिवसांत चढ किती, उतार किती, त्यावरून काढायचा. शून्य ते शंभर. मी त्यांना पहिल्यांदा दाखवला तर म्हणाले, यात नवीन काय? शेवटच्या फेरीत पोरगं अजून पुढंच असतं, पण त्याची टाच जड पडायला लागते. मी तिथंच ओळखायचो, हा आता मागे पडणार.

ताई: हे खास त्यांचं. माझी पण टाच बघायचे. भाजी आणायला निघाले तरी.

धाकटा: आकडा पन्नासच्या वर गेला की प्रोग्रॅम स्वतःहून शेअर घेतो. सत्तरच्या वर जाऊन परत खाली वळला, की विकायची वेळ.

ताई: मग विकायचं ना. मध्ये 'येऊ का' कुठून आलं?

धाकटा: पहिले दोन महिने तो जरा काही हललं की विकायचा. परत घ्यायचा, परत विकायचा. नुसती ये-जा. बाबा म्हणाले, आत स्वतःच्या हिमतीवर जाऊ दे, पण बाहेर पडताना घरात विचारून पडायचं. म्हणून त्यांना विचारणं ठेवलं. मी निरोप लिहिला होता, 'जाऊ का?'. तर कसले भडकले!

ताई: भडकणारच. निघताना 'जातो' म्हटलं की आपल्याला उंबऱ्यातून परत आत बोलवायचे. 'येतो' म्हण, मग जा.

धाकटा: म्हणून 'येऊ का?'. त्यांनी 'ये' लिहिलं की विकायचं. 'थांब' लिहिलं की थांबायचं. आकडा वळला की विकेपर्यंत रोज सव्वाअकराला विचारतो, शनिवार-रविवार बाजार बंद.

ताई: हुश्श. म्हणजे तू ठीक आहेस.

धाकटा: हो.

ताई: 'हो' म्हणण्याची ही तऱ्हा. दाढी बघ. सकाळी तुझी बायको फोनवर रडत होती. म्हणे, एका जागी बसून असतो, विचारलं तर म्हणतो ठीक आहे. घरासाठी ठेवलेले पैसे वितळतायत आणि हा बटण दाबत नाही. अगं, कसलं बटण, असं विचारलं मी तिला. तर ते हे?

धाकटा: हो. ते लाल.

ताई: म्हणजे बाबांना न विचारताही विकता येतं.

धाकटा: येतं.

ताई: आकडा किती आहे आता?

धाकटा: चौतीस.

ताई: सत्तरच्या खाली आला की निघायचं, असं आत्ताच म्हणालास.

धाकटा: विचारून निघायचं. उत्तर आलं नाही तर आधीचं उत्तर धरायचं, असा नियम आहे. आधीचं उत्तर 'थांब' आहे.

ताई: कुणाचं?

धाकटा: बाबांचं. त्या दिवशीचं.

ताई: त्या दिवशी म्हणजे...

धाकटा: ज्या दिवशी गेले. सव्वाअकराला विचारलं गेलं, मिनिटभरात उत्तर आलं, 'थांब'. मी निघालोच होतो दवाखान्यात यायला. बॅग खांद्यावर होती. सकाळी तू म्हणालीस, उद्या घरी सोडतील, तरी म्हटलं, एक चक्कर मारून येऊ. तेवढ्यात ते उत्तर दिसलं. वाटलं, पडल्या पडल्या बाजार बघतायत म्हणजे ठणठणीत आहेत. आणि थांब म्हणतायत. मग बॅग काढली, बसलो. चारला तुझा फोन आला.

ताई: बाळ्या...

धाकटा: त्यांनीच थांब सांगितलं ना. तेवढं एक बरं आहे. लोक विचारतात, पोहोचला नाहीस का रे? मी विषय बदलतो. पण मला माहीत आहे, मी त्यांचं ऐकलं. आता मी हे बटण दाबलं तर ते मोडलं, असं होईल. पैसे जातायत, दिसतंय मला. पण काही वाटत नाही. दात काढताना इंजेक्शन दिलेला गाल असतो ना, तसं झालंय सगळं.

ताई: त्या उत्तरात फक्त 'थांब'च होतं?

धाकटा: हो. शेवटी टिंबसुद्धा. बाबा कधी टिंब द्यायचे नाहीत, म्हणायचे, आपण काय निबंध लिहितोय? त्या दिवशी दिलं होतं. मला वाटलं, बरं वाटतंय, म्हणून नीट बसून लिहिलं असेल.

ताई: टिंब मी देते.

धाकटा: काय?

ताई: मेसेजच्या शेवटी टिंब मी देते. सगळे हसतात मला. बाबांच्या एका हाताला सलाईन, दुसरा सुजलेला, फोन माझ्याकडे होता. वाजला. वर तुझं नाव, खाली 'येऊ का?'. मला वाटलं, तू विचारतोयस, दवाखान्यात येऊ का म्हणून. फोनचं कुलूप मला उघडता येत नाही, आधीचं काही दिसलं नाही. निरोपाखालीच उत्तराची जागा होती, तिथं वरच्या वर लिहिलं, 'थांब.'

धाकटा: तू.

ताई: मी. डॉक्टर उद्या सोडतो म्हणाले होते, म्हटलं, कशाला धावपळ. नाही, थांब, धड सांगते. राग आला होता. दोन रात्री मी तिथं खुर्चीवर, आणि हा बापाला भेटायला यायची परवानगी मागतोय! म्हटलं, थांब मग, बस घरी. तेवढ्यासाठी लिहिलं. चारच्या आत सगळं संपेल हे कुणाला माहीत होतं रे?

धाकटा: नंतर का नाही सांगितलंस?

ताई: मला वाटलं, तुला ठाऊक आहे मी लिहिलं ते. त्या दिवसापासून तू तोंड उघडत नव्हतास. मी धरून चालले, माझ्यावरच राग आहे. तुझ्यासमोर यायची हिंमत होत नव्हती. तिकडे रोज सव्वाअकराला तेच 'येऊ का?', 'येऊ का?'. नंतर वाटायला लागलं, मला टोचायलाच लिहितोयस.

धाकटा: मग फोन बंद का नाही केलास?

ताई: करवत नव्हता. त्यांचा फोन आहे.

धाकटा: बाबांना माहीत होतं, असा निरोप आला ते?

ताई: नाही. झोपले होते.

धाकटा: उठल्यावर?

ताई: अडीचला जरासे उठले. पाणी मागितलं. पंखा कमी कर म्हणाले.

धाकटा: माझं काही विचारलं?

ताई: हो म्हणू?

धाकटा: खरं सांग.

ताई: नाही विचारलं. कुणाचंच काही विचारलं नाही.

धाकटा: म्हणजे ते मला काही म्हणालेच नाहीत.

ताई: नाही रे, सोन्या.

धाकटा: बरं.

ताई: बरं काय? ओरड माझ्यावर. हे स्टूल फेक.

धाकटा: जरा सरक. माउस तुझ्या हाताखाली आहे.

ताई: काय करतोयस?

धाकटा: विकतोय. नियमाप्रमाणे तीन आठवड्यांपूर्वीच विकायला हवं होतं. झालं.

ताई: एवढ्यात?

धाकटा: एवढंच असतं.

ताई: बरंच गेलं का रे?

धाकटा: बायकोला आधी सांगतो. मग तुला.

ताई: सांग. आणि जेव आज घरी जाऊन. माझी गाडी रस्त्यात आहे, बाई आत आहेत, मला निघायला हवं. पण तुला असं टाकून पाय निघत नाहीये. काहीतरी बोल ना. एक शब्द लिहिला मी रागात आणि तुझी त्यांच्याशी भेट घालवली.

धाकटा: कळतंय मला. कळतंय तेवढंच. अजून आत काही पोहोचत नाही, ताई. राग येईल बहुतेक. उद्या येईल, नाहीतर महिन्याने.

ताई: येऊ दे. मी आहे.

धाकटा: काहीही बोलेन तेव्हा.

ताई: बोल. पण लिहू नकोस. फोन कर.