काटेरावांची गट्टी

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई दुखरी दाढ धरून बसल्या होत्या. समोरच्या बाकावर एक बाई होत्या. गावाहून परतलेला त्यांचा भाऊ बॅगेसकट थेट त्यांना न्यायला आला.

"ताई, खाऱ्या पाण्याच्या टाकीतली मंडळी बरी आहेत ना?"

"अगदी मजेत! तुझा तो काटेरी गोळा, काटेराव, त्याची आणि तारामाशाची काय गट्टी जमलीय!"

"गट्टी? अगं, सी-अर्चिन तो! तारामाशाची चाहूल लागली तरी पळतो. म्हणून तर मध्ये जाळी लावलीय."

"ती मी काढली. दोघंही आपल्याच किनाऱ्यावरचे, मग शेजारी राहून परके कशाला?"

"ताई!"

"ओरडू नकोस, लोक बघतायत. हा कालचा फोटो बघ. पाचही हातांनी कशी मिठी मारलीय त्याला! का रे, चेहरा का उतरला?"

"तारामासा पोट तोंडाबाहेर काढून जेवतो, ताई. ही मिठी नाहीये."

शिंपीणबाईंचा हात गालावरून खाली आला.

"मग आज सकाळी तळाशी नुसते काटे पडले होते, ते..."

"सहा वर्षं सांभाळला होता गं मी त्याला."

"आणि मी... दोघांना जरा निवांतपणा मिळावा म्हणून पडदासुद्धा ओढून घेतला रे."