दुसऱ्या कडव्यापर्यंत

तोमिए : नाही, बसत नाही मी. एवढं विचारते आणि निघते.

सेत्सुको : उभ्या उभ्या कशाला, वहिनी? एवढ्या धुक्यातून बंदरापर्यंत चालत आलात. चहा टाकलाय.

तोमिए : मला वहिनी म्हणू नका. एकोणीस वर्षं तुमच्या ह्या गाण्याच्या बारवरून जाताना मी मान वळवून गेले आहे. आज अडलंय म्हणून आले, त्याचं नातं करू नका.

सेत्सुको : बरं, कामेदाबाई म्हणते. विचारा.

तोमिए : उद्या दहाला ह्यांना नेणार. त्याआधी शवपेटीत फुलं ठेवतात ना, तेव्हा माणसाच्या आवडीचं गाणं लावतात. अंत्यविधीवाला वही उघडून विचारतो, साहेबांचं आवडतं गाणं कोणतं? चव्वेचाळीस वर्षं संसार केला आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले.

सेत्सुको : मग काय सांगितलंत?

तोमिए : ते खलाशाच्या आईचं जुनं गाणं. संध्याकाळी टीव्हीवर लागलं की आवाज मोठा करायचे.

सेत्सुको : अहो, ते नका लावू. इथं कुणी ते सुरू केलं की कामेदासान संडासात जाऊन बसायचे, संपेपर्यंत बाहेर येत नसत. टीव्हीवर त्या गाण्यानंतर हवामान सांगतात, त्यासाठी मोठा करत असतील. बोटींना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यातला माणूस, उद्या बोटी निघणार का ही काळजी निवृत्त झाल्यावरही सुटली नाही त्यांची.

तोमिए : म्हणजे तेही मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक. म्हणून तर पायरी चढले. आमची मिनाए गेली, वीस वर्षांची पोर, आणि दुसऱ्या महिन्यापासून ह्यांचा इथला गुरुवार चुकला नाही. मी घरातला रेडिओ बांधून माळ्यावर टाकला, आणि हा माणूस गायला जातो. मी म्हणायचे, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?

सेत्सुको : मग ते काय म्हणायचे?

तोमिए : काही नाही. बूट घालायचे.

सेत्सुको : एकच गाणं म्हणायचे ते, बाई. दर गुरुवारी तेच. आमच्याकडे रीत आहे, ज्याचं गाणं त्याचं, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. गेल्या गुरुवारी ते आजारी म्हणून आले नाहीत, तरी कुणी ते लावलं नाही.

तोमिए : कोणतं पण?

सेत्सुको : 'धक्क्यावरचा दिवा'. बाई आणि पुरुष, दोघांनी म्हणायचं आहे ते.

तोमिए : खोटं बोलताय तुम्ही.

सेत्सुको : मी कशाला खोटं बोलू?

तोमिए : ते गाणं? त्या रात्रीचं?

सेत्सुको : बसा आधी. कप घ्या हातात.

(तोमिए बसते. कप हातात घेते.)

तोमिए : कारखान्याची सहल होती, गरम झऱ्यांवर. मिनाए सापोरोला हॉस्पिटलात होती, पण तिला उतार पडला होता. तीच म्हणाली, जा, मजा करा. जेवणं झाल्यावर सगळ्यांनी आम्हाला गायला उठवलं. हे गाणं म्हणजे आमच्या दोघांचं ठरलेलं. ते चालू असताना हॉटेलचा कारभारी निरोप घेऊन आला. पण पाहुणे गात असताना मध्येच बोलायचं कसं? म्हणून दारात मान खाली घालून उभा राहिला बिचारा. टाळ्या थांबल्यावर वाकून म्हणाला, हॉस्पिटलचा फोन आहे.

सेत्सुको : हं.

तोमिए : नर्स म्हणाली, आत्ता दोन मिनिटांपूर्वीपर्यंत आई आई करत होती. आता शुद्ध नाही. ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

सेत्सुको : ही दोन मिनिटं मला माहीत आहेत. त्यांनी सांगितली होती.

तोमिए : त्यांनी? घरी पोरीचं नाव काढत नव्हते.

सेत्सुको : एकदाच. सात-आठ वर्षं झाली असतील. बर्फामुळे एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, म्हणून मी विचारायचा धीर केला. कारण ते गाणं पुरं कधीच म्हणायचे नाहीत. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर थांबायचे, माइक खाली ठेवायचे, दाराकडे बघून वाकायचे आणि जागेवर येऊन बसायचे. संगीत चालूच, पडद्यावर शब्द येतायत, जातायत, आणि सगळे गप्प. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा विसरला. मी विचारलं, दर वेळी अर्ध्यावर का सोडता?

तोमिए : काय म्हणाले?

सेत्सुको : म्हणाले, तिथं थांबायला हवं होतं. तो माणूस दारात आलेला मला दिसला. चेहऱ्यावरून कळलंसुद्धा, काहीतरी वाईट आहे. पण सगळे टाळ्यांचा ताल धरून बसलेले, म्हटलं, एवढं संपवून घेऊ. बायकोची दाराकडे पाठ होती, तिला काही कळलं नाही. ती मला बोलते ते कमीच आहे, पण हे तिला सांगायला माझं तोंड उघडत नाही.

तोमिए : पाठ होती म्हणाले?

सेत्सुको : हो. तुम्हीच तसं सांगितलं होतं म्हणाले.

तोमिए : मीच. त्याच रात्री, सापोरोच्या गाडीत. आणि त्यांनी ते खरं मानलं.

सेत्सुको : म्हणजे?

तोमिए : पाठ नव्हती माझी, सेत्सुकोबाई. तो आला तेव्हा माझी ओळ चालू होती. मी त्याला हातानं खूण केली, अशी. जरा थांबा म्हणून. हसलेसुद्धा त्याच्याकडे बघून. म्हणून थांबला तो.

सेत्सुको : अरे देवा.

तोमिए : आणि वर ह्यांनाच म्हणत राहिले, तुम्ही मला गायला ओढलंत, तुमच्यामुळे झालं. ते खाली बसून बुटाची नाडी बांधायचे आणि मी वरून बोलत असायचे. एकदा जरी सांगितलं असतं मी! एकदा.

सेत्सुको : रडा, वहिनी. पाचपर्यंत दार बंदच आहे.

तोमिए : चारच्या आत त्या अंत्यविधीवाल्याला गाणं कळवायचं आहे.

सेत्सुको : नुसती बासरी लावायला सांगा हवं तर. कुणी नावं ठेवणार नाही.

तोमिए : नाही. हेच लावू दे. फक्त पुरं नको, दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर बंद करायचं. नेमकं कुठं ते त्याला समजणार नाही. तुम्ही याल?

सेत्सुको : येईन की. पण लोकांची फुलं ठेवून व्हायची असतील. गाणं मध्येच का तोडलं म्हणून कुजबुज होईल.

तोमिए : होऊ दे. शांत झालं की मी त्यांच्या कानाशी वाकेन. मलाही तो दिसला होता, एवढंच सांगायचं आहे.